डाउन क्विल्ट घ्यावं की स्लीपिंग बॅग?

हिवाळ्यातल्या मुक्कामाच्या रात्री तुम्ही कुठे काढणार, हे ठरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. पवनेच्या काठी तंबूत, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आणि हिमालयातल्या केदारकंठाच्या बर्फात थंडी वेगवेगळी असते, हे कुणीही सांगेल. पण पाठीखालची जमीनही वेगळी असते, डोक्यावरचं छप्परही वेगळं असतं, आणि क्विल्ट (म्हणजे पाठीखालचा भाग नसलेलं पांघरूण) की बॅग याचा निकाल बराचसा त्यावर लागतो. दुकानात मात्र आपण जाडी चाचपतो आणि किंमत विचारतो.

माझा कौल आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका. पहिलीच खरेदी असेल तर बॅग. पाठीखाली अंथरायची चांगली मॅट आहे, तंबू स्वतःचा आहे आणि सह्याद्रीत दोन-तीन मुक्कामांचे ट्रेक करता, तर क्विल्ट. ते एकदा अंगवळणी पडलं की जुनी बॅग माळ्यावर गेलीच म्हणून समजा. सह्याद्री आणि हिमालय मिळून एकच वस्तू घ्यायची असेल तर पुन्हा बॅग. आता कारणं.

फरक कुठे आहे

दोन्हींच्या पोटातला माल एकच असू शकतो. डाउन म्हणजे बदकाच्या किंवा गूजच्या पिसांखालची मऊ लव. ती फुलते, तिच्यात हवा अडकून राहते आणि ऊब त्या अडकलेल्या हवेची असते. लेबलवरचा फिल पॉवरचा आकडा हेच सांगतो: एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम डाउन फुलून किती घनइंच जागा व्यापतं. ८०० फिलचं डाउन ६०० पेक्षा जास्त फुलतं, म्हणजे तेवढ्याच उबेला कमी वजन लागतं. नुसत्या या आकड्यावरून पांघरूण किती उबदार आहे ते मात्र कळत नाही. आत एकूण किती ग्रॅम डाउन भरलंय, हेही विचारावं लागतं.

स्लीपिंग बॅगेत तुम्ही झोपलात की पाठीखालचं डाउन अंगाच्या वजनाने चेपतं. चेपलं की हवा गेली, हवा गेली की ऊब गेली. मग तो भाग पाठीवर वाहून न्यायचा तरी कशाला, असा विचार करून क्विल्ट बनवणाऱ्यांनी तो काढूनच टाकला. बहुतेक क्विल्टना बाजूची लांब चेनही नसते आणि डोक्याची टोपीही नसते. उरतं एक रुंद पांघरूण, पायांकडे पिशवीसारखं बंद होणारं, आणि त्याला मॅटशी बांधायचे पट्टे.

वजनात फरक पडतो तो असा. उणे ६-७ अंशांचं म्हणून विकलं जाणारं, जास्त फिल पॉवरच्या डाउनचं क्विल्ट ६०० ते ७०० ग्रॅममध्ये बसतं. त्याच पट्ट्यातली डाउनची बॅग किलोच्या आसपास जाते, सिंथेटिक असेल तर दीड किलोच्या पुढे. आता एका रात्रीच्या मुक्कामासाठी ३००-४०० ग्रॅम वाचवून काय साधणार? तेवढी तर प्रत्येकाच्या सॅकमध्ये बाकरवडीच असते. पण रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाकडे चालताना, किंवा राजगड-तोरणा जोडताना, सॅकमध्ये पाणी आणि शिधा भरला की हा फरक खांद्यांना कळतो. जागाही वाचते, चाळीस लिटरच्या सॅकमध्ये सामान मावतं.

आपली थंडी नेमकी किती

पुण्यात शिवाजीनगरला डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सरासरी ११-१२ अंशांच्या घरात असतं. लाट आली की ते ८ च्याही खाली येतं, आणि त्याच पहाटे पाषाण, हवेली, एनडीए भागातला आकडा आणखी खालचा असतो, हे पेपरात दर हिवाळ्यात वाचतोच आपण. मोकळी जमीन रात्री भराभर उष्णता सोडते, आणि थंड झालेली जड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते. एरवी दर हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, असा हिशेब सांगतात. वारा पडलेल्या, निरभ्र रात्री तो उलटतो. तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी, धरणाच्या काठावर पहाटे कुडकुडायला होतं आणि वर गडावर हवा त्यामानाने बरी असते. वर वाऱ्याचा त्रास असतो, हे खरंच.

म्हणून सह्याद्रीतल्या हिवाळी मुक्कामासाठी ५ ते १२ अंश हा पट्टा धरावा. या पट्ट्यात क्विल्टची मोठी सोय आहे. आपल्याकडे रात्री नऊला टी-शर्टवर गप्पा मारत बसलेला माणूस पहाटे चारला जे हाती लागेल ते अंगावर ओढत असतो. क्विल्ट सुरुवातीला नुसतं पोटावर टाकायचं, पाय बाहेर, मध्यरात्री पट्टे लावायचे, पहाटे मानेपर्यंत घेऊन दोरी आवळायची. निमुळत्या ममी बॅगेत एक तर घामाघूम व्हा, नाहीतर चेन उघडून एक कूस गार करून घ्या.

लेबलवरच्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर, कारण फसगत तिथेच होते. स्लीपिंग बॅगांसाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे. त्याआधी युरोपचं ईएन १३५३७ होतं. त्यात कपडे घातलेला, तापवलेला पुतळा मॅटवर ठेवलेल्या बॅगेत झोपवून मोजमाप घेतात आणि तीन आकडे काढतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्रीला निवांत झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी झोप काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, पण शरीर धोकादायकरीत्या गार पडण्याची भीती आहे ते. बॅगेवर ठळक छापलेला आकडा यांतला कोणता, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पुरुषांनीसुद्धा कम्फर्टच धरावा. लिमिटवर रात्र काढण्यात कसली मर्दुमकी?

क्विल्टचं सहसा असं मोजमाप झालेलं नसतं. आकडा उत्पादकाच्या अंदाजाचा असतो आणि तो बहुधा लिमिटच्या जवळ जाणारा. त्यात चांगली क्विल्ट बरीचशी अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांची, म्हणजे आकडे फॅरनहाइटमध्ये. तिथलं २० म्हणजे आपलं उणे ७, तिथलं ४० म्हणजे आपलं साधारण साडेचार. क्विल्टच्या आकड्यात पाच-सहा अंश मिळवून तोच खरा मानावा. त्या हिशेबाने ४० फॅरनहाइटचं क्विल्ट दहा अंशांपर्यंत आरामात चालतं. त्याहून गार रात्री जॅकेट आणि कानटोपी घालून निभावतं. सह्याद्रीसाठी मी ३० चं सुचवेन.

मॅट: खरा खर्च इथे

क्विल्टला खालचा भाग नाही, म्हणजे पाठीची सगळी जबाबदारी मॅटवर आली. मॅटची थंडी अडवायची क्षमता आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितकी पाठ उबदार. घड्या घालायच्या फोम मॅटची ती २ च्या आसपास असते, आत थर असलेल्या हवा भरायच्या मॅटची ४ किंवा त्याहून वर. ट्रेकला सगळ्यांच्या सॅकला बाहेरून गुंडाळून बांधलेली असते ती पातळ कॅरी मॅट यात बरीच खाली येते. ८ अंशांच्या रात्री कातळावर ती टाकून वर कितीही महागडं क्विल्ट घेतलंत तरी थंडी खालून येणार. बॅगेतही ती येतेच. पण निदान चेपलेला का होईना, एक थर मध्ये असतो आणि कूस बदलताना फट पडत नाही. दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते. कॅरी मॅट खाली आणि हवेची वर, हा मेळ स्वस्तही पडतो आणि कातळाचा खडा टोचून हवेची मॅट फुटतही नाही.

तेव्हा क्विल्टचं बजेट काढताना मॅटसकट काढा. घरात आधीच बरी मॅट असेल तर गोष्ट वेगळी.

गुहा, देऊळ, गावातली ओसरी

परदेशी तुलनांमध्ये हा मुद्दा सापडायचा नाही, कारण तिथे माणूस तंबूत झोपतो असं गृहीत असतं. आपण लेण्यात झोपतो, देवळात झोपतो, पायथ्याच्या गावात मामांच्या अंगणात झोपतो. (गडावर मुक्कामाला परवानगी आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्यावं, बऱ्याच ठिकाणी आता बंदी आहे.) अशा उघड्या जागी वारा जमिनीलगत येतो आणि क्विल्टच्या कडेखाली शिरतो. शेजारी सहा जण एकमेकांना खेटून झोपलेले. कुणी कूस वळला की तुमचं पांघरूण त्याच्यासोबत निघालं. क्विल्टचे पट्टे फुगीर मॅटला नीट बसतात, सपाट कॅरी मॅटवरून सरकतात. त्यात कुणीतरी चहासाठी चूल पेटवतं. क्विल्टचं कापड वजन कमी राहावं म्हणून अतिशय पातळ असतं, ठिणगी पडली की भोक, आणि भोकातून डाउन बाहेर. इथे सिंथेटिक भरावाची, जरा जाड कापडाची, दणकट स्लीपिंग बॅगच हवी. ती धुळीत लोळली तरी जीव हळहळत नाही.

दमट हवेचंही असंच. भिजलेल्या डाउनच्या गाठी होतात आणि ऊब जवळपास संपते. सिंथेटिक भिजलं तरी थोडीफार राहते. जून ते सप्टेंबर डाउन घराबाहेर काढायचंच नाही, मग ते क्विल्ट असो की बॅग. हिवाळ्यातही धरणाकाठी दव इतकं पडतं की सकाळी तंबू आतून पाझरत असतो. पाय तंबूच्या कापडाला टेकणार नाहीत असं झोपा, दोन्ही बाजूंच्या जाळ्या थोड्या उघड्या ठेवा. पाणी लवकर न धरणारं, प्रक्रिया केलेलं डाउन मिळतं. त्याने थोडी उसंत मिळते, भिजणं टळत नाही.

हिमालयात

शून्याखाली गेलं की बॅगेची टोपी, मानेभोवतीची जाड पट्टी आणि चेनमागची पट्टी यांची किंमत कळते. क्विल्टमध्ये कुशीवर वळताना दर वेळी पाठीमागून गार झुळूक येणार. दहा अंशांना तिची गंमत वाटते, उणे आठला नाही. शिवाय डोक्यासाठी वेगळी जाड टोपी न्यावी लागते. पण एक पर्याय बरेच जण विसरतात. हिमालयातल्या संघटित ट्रेकवर स्लीपिंग बॅग आयोजक देतात. ती पुरेल का आणि कितीशी स्वच्छ असेल, याची धाकधूक असतेच. आत स्वतःचं लाइनर (बॅगेत घालायची पातळ खोळ) आणि बॅगेवर स्वतःचं हलकं क्विल्ट टाकलं की ऊब चांगलीच वाढते, आणि तेच क्विल्ट एरवी सह्याद्रीत वापरता येतं. ज्यांचा हिमालय असाच व्हायचा असेल, त्यांच्यासाठी माझं वरचं ‘पुन्हा बॅग’ मी मागे घ्यायला तयार आहे.

झोपायच्या सवयी

पाय दुमडून कुशीवर झोपणाऱ्यांना, बंद पिशवीत जीव घुसमटणाऱ्यांना आणि रात्री दोनदा उठावं लागणाऱ्यांना क्विल्ट सुखाचं. सरळ ओंडक्यागत झोपणाऱ्याला बॅगेचा त्रास नाही. झोपेत लाथा झाडणाऱ्याने क्विल्टच्या वाटेला जाऊ नये. दोघांत एक मोठं क्विल्ट हा प्रकारही मिळतो. ज्या जोडप्यात पंख्यावरून भांडणं होतात त्यांनी तो घेऊ नये. पूर्ण चेन उघडून सपाट पसरता येणारी आयताकृती बॅग हा मधला मार्ग आहे. वजनाला जास्त, पण घरी पाहुणे आले की तीही कामाला येते.

पिसांचा माल नकोच, असं बऱ्याच घरांत असतं. सिंथेटिक क्विल्ट मिळतात आणि ती वाईट नसतात, फक्त वजनाचा फायदा बराच कमी होतो. पक्ष्यांना दिलेल्या वागणुकीची खात्री हवी असेल तर २०१४ पासून सुरू असलेलं रिस्पॉन्सिबल डाउन स्टँडर्डचं चिन्ह पाहा.

घेताना आणि सांभाळताना

साधी सिंथेटिक बॅग पुण्यात काही हजारांत मिळते, भाड्यानेही मिळते. पहिल्या एक-दोन ट्रेकला भाड्याचीच आणा. क्विल्ट बहुधा बाहेरून मागवावं लागतं. किमतीवर टपालखर्च आणि सीमाशुल्क चढतं, आणि माप चुकलं तर परत पाठवणं परवडत नाही. रुंदीत कंजुषी नको: खांद्याजवळ दोन्ही कडा अंगाखाली दडपता आल्या पाहिजेत.

डाउन कधीही आवळलेल्या पिशवीत ठेवू नका. मोठ्या सुती खोळीत, मोकळं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहू द्या. पावसाळ्यात पुण्यातलं कपाटसुद्धा ओलसर होतं, तेव्हा ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढून सावलीत वारा द्या. धुणं कोरड्या दिवसांत, डाउनसाठीच्या साबणाने. सुकायला ते फार वेळ घेतं. वरून कोरडं लागतं, आत गाठी ओल्याच असतात. त्या हाताने मोडत राहायला हव्यात, नाहीतर वास धरतो.

आणि क्विल्ट आणलंत तर पहिली रात्र गडावर नको. डिसेंबरात गच्चीवर मॅट टाका, पट्टे बांधा, दिवे न लावता ते सोडून पुन्हा बांधून बघा, आणि पहाटे पाचपर्यंत खाली घरात येऊ नका.