नासाची एडीएस सेवा: प्रोजेक्टच्या पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावी अशी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी ज्या विद्यार्थ्याला खगोलभौतिकीचा प्रोजेक्ट मिळतो, त्याची पहिली अडचण गणिताची नसते. या विषयावर आजवर कोणी काय केले आहे हे शोधायचे कुठे, ही असते. पाठ्यपुस्तक तिथवर पोहोचवत नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या अनेक महाविद्यालयांना संशोधनपत्रिकांची वर्गणी परवडत नाही. अशा विद्यार्थ्यांना मी सर्वांत आधी अॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम, म्हणजे एडीएस, उघडायला सांगतो. नासाच्या निधीवर चालणारी आणि अमेरिकेतील केंब्रिज येथील स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळा सांभाळत असलेली ही शोधनिबंधांची सूची १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून सर्वांना मोफत खुली आहे. नुसते शोधायचे असेल तर नावनोंदणीसुद्धा लागत नाही.

सेवेचा कस लागतो तो प्रत्यक्ष शोध घेताना. बी१९३७+२१ या पल्सारचे, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक अंतराने रेडिओ स्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याचे, उदाहरण घेऊ. त्याचे नाव टाकून निकालांचा क्रम 'सर्वांत जुने आधी' असा लावला, की १९८२ साली 'नेचर'मध्ये आलेला निबंध सापडतो, ज्यात डोनाल्ड बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंदाला सुमारे ६४२ वेळा स्वतःभोवती फिरणारा हा तारा जाहीर केला. निबंधाच्या पानावर दोन याद्या असतात: लेखकांनी कोणाचा आधार घेतला त्याची एक, आणि पुढे कोणी या निबंधाचा आधार घेतला त्याची दुसरी. माझ्या मते एडीएसचा प्राण या दुसऱ्या यादीत आहे. तिचा माग काढत, एका निबंधावरून दुसऱ्यावर जात विद्यार्थी मिलिसेकंद पल्सारांच्या (असेच अतिवेगाने फिरणाऱ्या पल्सारांच्या) कालमापनापर्यंत, म्हणजे त्यांचे स्पंद नेमके केव्हा पोहोचतात हे मोजण्याच्या कामापर्यंत, येतो आणि तिथून जून २०२३मधील त्या निबंधांपर्यंत पोहोचतो, ज्यांत युरोपीय आणि भारतीय गटांनी अतिदीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय लहरींचा (अवकाश-काळात उमटणाऱ्या तरंगांचा) पुरावा मिळत असल्याचे मांडले. त्यातील भारतीय निरीक्षणे नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची आहेत. एक प्रश्न चार दशके कसा हातोहात पुढे गेला हे विद्यार्थ्याला स्वतः शोधून पाहता येते, आणि असे शिक्षण कोणत्याही व्याख्यानातून मिळत नाही.

निकाल शेकड्यांनी आले तर काय करायचे, याचीही सोय आहे. शोधाला 'युजफुल' ही आज्ञा जोडली, की निवडलेल्या निबंधांनी ज्यांचा वारंवार आधार घेतला ते पायाभूत निबंध वर येतात. 'रिव्ह्यूज' जोडल्यास त्या विषयाचा आढावा घेणारे लेखन पुढे येते. नवख्या माणसाने आधी आढावा वाचावा आणि मग मूळ निबंधांकडे वळावे.

प्रत्येक निबंधाला १९ अक्षरांचा एक संकेतांक दिलेला असतो. चंद्रशेखर यांच्या श्वेतबटूंच्या (इंधन संपलेल्या ताऱ्यांच्या दाट अवशेषांच्या) कमाल वस्तुमानावरील निबंधाचा संकेतांक पाहिला तर त्यात आधी १९३१ हे वर्ष, मग अॅस्ट्रोफिजिकल जर्नलची तीन अक्षरे, खंड ७४, पान ८१ आणि शेवटी आडनावाचे 'सी' हे अक्षर दिसते; मधल्या रिकाम्या जागा टिंबांनी भरलेल्या असतात. अवघ्या दोन पानांचा तो निबंध मूळ छापील पानांच्या स्कॅनमध्ये वाचता येतो. भारतीय खगोल संस्थेच्या बुलेटिनचे जुने अंकही असेच जपलेले आहेत, याबद्दल मला या सेवेविषयी विशेष कृतज्ञता वाटते.

मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. एडीएस ही मुळात सूची आहे. निबंध प्रकाशकाच्या कुलपात असेल तर ती गोषवाऱ्यापुढे नेऊ शकत नाही. वर सांगितलेला 'नेचर'मधला निबंध याच प्रकारात मोडतो. गेल्या तीसएक वर्षांतील खगोलशास्त्राच्या बहुतेक निबंधांची आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संकेतस्थळावरील मोफत प्रत शेजारीच जोडलेली असते, त्यामुळे अडचण प्रामुख्याने त्याआधीच्या काळाची उरते. घनपदार्थभौतिकी किंवा प्रकाशविज्ञान या शाखांतील उद्धरणांची (एका निबंधाचा इतरांनी किती वेळा आधार घेतला याची) मोजणी इथे अपुरी पडते आणि कणभौतिकीसाठी इन्स्पायर ही सूची अधिक भरवशाची आहे. उद्धरणांच्या आकड्यावरून निबंधाची किंमत ठरवण्याचा मोह तर कोणत्याच शाखेत धरू नये, कारण आकडा जुन्या आणि गर्दीच्या विषयांना झुकते माप देतो.

सर्वांत त्रासाची बाब आपल्याकडच्या नावांची आहे. पाटील किंवा जोशी हे आडनाव आणि पुढे एकच आद्याक्षर एवढ्यावर शोध घेतला, तर अनेक वेगवेगळ्या व्यक्तींचे काम एकाच यादीत मिसळून येते; त्यात कोणी वडिलांचे नाव जोडते, तर कोणी लग्नानंतर आडनाव बदलते. यावर उपाय म्हणजे ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख सांगणारा क्रमांक. तो मोफत मिळतो आणि एडीएसमधील आपल्या निबंधांना स्वतः जोडता येतो. ज्यांचा पहिला निबंध अजून छापून यायचा आहे, त्यांनी तो पत्रिकेकडे पाठवण्यापूर्वीच हा क्रमांक घ्यावा आणि नावाचे एकच रूप कायम ठेवावे.