कॅराव्हॅनच्या नावाखाली ६६,५०० रुपये गेले, भंडारदऱ्याला जाणाऱ्यांनी प्लीज वाचा

हे लिहायला मला दोन महिने लागले. घरातल्या घरातसुद्धा विषय निघाला की मी उठून आत जायचे, पण सुट्ट्या जवळ आल्यात आणि लोक पुन्हा बुकिंग करायला लागलेत म्हणून सगळं जसं झालं तसं सांगते.

माझी आई राजूरची, अकोले तालुक्यातली. लग्न होऊन पुण्याला आली, आता वय ७४ आणि दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. तिला एकदा माहेरची बाजू बघायची होती, भंडारदऱ्याचं धरण, रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ. अडचण एकच, बाथरूमची. तिला खाली बसता येत नाही आणि रस्त्यात कमोड कुठे मिळेल, स्वच्छ असेल का याचीच तिला धास्ती, त्या भीतीने ती निघाल्यापासून पाणीच पीत नाही. म्हणून मी कॅराव्हॅन शोधत होते, ज्यात बेड आणि टॉयलेट आतच असतं. आणि हीच गरज मी जाहिरातवाल्या माणसाला पहिल्याच फोनवर सांगून बसले. त्यानंतर तो प्रत्येक वेळी "आईंसाठी स्पेशल कमोडवाली गाडी ठेवलीय मॅडम" असंच बोलायचा.

सोशल मीडियावर जाहिरात दिसली होती. तीन दिवस दोन रात्री, आधी निघोजचे रांजणखळगे, मग आळेफाटा, संगमनेर करत भंडारदरा. फोटोत पांढरी मोठी गाडी, मागे उंच लाल कडा आणि खाली निळंशार पाणी. रोजचे ९ हजार. मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती, सगळीकडे भाडं जास्त होतं, म्हणून हे मला चांगलं डील वाटलं.

१० हजार भरून तारीख घेतली. चार दिवसांनी फोन, की वीकेंडला डिमांड आहे, उरलेले १७ हजार आज भरले नाहीत तर गाडी दुसऱ्याला जाईल. भरले. मग १५ हजार डिपॉझिट, परत आल्यावर मिळेल म्हणे. तेही भरले. पैसे पाठवताना स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणातरी माणसाचं नाव येत होतं, विचारलं तर म्हणाला अकाउंटंटचं खातं आहे, आणि मी पुढे काही विचारलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बिल आलं, आरसीचा म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाचा फोटो आला, ते बघून मी निर्धास्त झाले.

आईला मात्र आधीच खटकलं होतं. तो म्हणाला होता की एक रात्र गाडी थेट सांदण दरीच्या तळाला लावू. आई म्हणाली, "अगं साम्रदच्या पुढे गाडी कशी नेणार तो, ती घळ आहे, माणसं दगडांवरून हात धरून उतरतात." मी तिला म्हटलं आता रस्ते झाले असतील. मी स्वतः कधी तिथे गेले नव्हते आणि तिचं अख्खं बालपण त्या भागात गेलेलं, तरी मी त्या अनोळखी माणसाचं ऐकलं. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

शनिवारी सकाळी सहाला गाडी कर्वेनगरला सोसायटीच्या गेटवर येणार होती. आई साडेपाचलाच तयार होऊन वॉचमनच्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर थर्मास आणि मावशीसाठी घेतलेली साडी. सव्वासहाला ड्रायव्हर म्हणाला नवले पुलाजवळ आहे, पंधरा मिनिटं. मग टायर पंक्चर. मग साडेसातला त्या माणसाचा फोन, आरटीओने गाडी अडवलीय, ६ हजार दंड भरल्याशिवाय सोडत नाहीत, मी ड्रायव्हरला कॅश देऊ शकत नाही, तुम्ही पाठवा, डिपॉझिटबरोबर परत देतो. आई समोर थंडीत बसलेली, मुलं विचारतायत गाडी कधी येणार, मी उभ्या उभ्या ६ हजार पाठवले. त्यानंतर दोन्ही फोन बंद.

नऊ वाजेपर्यंत आम्ही गेटवर होतो. आई एकदाही काही बोलली नाही, फक्त म्हणाली वर जाऊया.

खरं तर त्याच क्षणी १९३० ला फोन करायला हवा होता, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी समोरच्या खात्यातून पैसे निघण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. पण मला लाज वाटली, वाटलं कदाचित खरंच काहीतरी अडचण आली असेल. आणि दुपारी दोनला दुसरा फोन आला, बाई होती, अगदी नम्र, "हेड ऑफिसमधून बोलतेय, तुमची ट्रिप रद्द झाली त्याबद्दल सॉरी, रिफंड देतोय." तिने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. मी टाकला आणि खात्यातून आणखी १८,५०० गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, हे मला माहीत होतं हो, दहा वेळा वाचलेलं होतं, पण सकाळपासून डोकं ठिकाणावर नव्हतं आणि रिफंड हा एकच शब्द ऐकू येत होता. ज्यांचे पैसे नुकतेच गेलेत त्यांनाच हे लोक परत गाठतात, कारण तेव्हा माणूस काहीही करायला तयार असतो.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा १९३० ला फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली. दुपारच्या व्यवहारातले ९ हजार त्या खात्यात होल्ड झाले, बाकी तोपर्यंत पुढे सरकले होते.

दुसऱ्या दिवशी माझा भाचा घरी आला आणि दहा मिनिटांत त्याने जे दाखवलं ते मी आधी बघायला हवं होतं. जाहिरातीच्या फोटोत स्टेअरिंग डावीकडे. इमेज सर्च केल्यावर तो लाल कडा अमेरिकेतल्या युटामधला निघाला, ग्रीन नदीवरचं फ्लेमिंग गॉर्ज, तिथे धरण बांधल्यामुळे घळीत लांबच लांब जलाशय झालाय. निघोज-भंडारदऱ्याकडे असा लाल कडा कुठे असतो, निघोजला कुकडीच्या पात्रात सगळा काळा बेसॉल्ट, भोवऱ्यात गोटे फिरून फिरून त्याला रांजणासारखे खळगे पडलेत. बिलावरचा जीएसटी नंबर ०८ ने सुरू होत होता, महाराष्ट्राचा २७ ने होतो. आणि आरसीवरचा गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकला तर तो टेम्पोचा. त्याने पाठवलेल्या गाडीच्या फोटोत नंबर प्लेटही पांढरी होती, भाड्याने ड्रायव्हरसकट मिळणाऱ्या गाडीची पिवळी असते.

त्यामुळे कुणी कॅराव्हॅन घेणार असाल तर गाडी आधी डोळ्यांनी बघून या, त्यांच्या जागेवर जाऊन, आत चढून, टॉयलेटचा फ्लश चालवून. व्हिडिओ कॉलवर दाखवतो म्हणाला तर नंबर प्लेटपासून सुरुवात करायला सांगा. आमच्या माणसाने दोनदा व्हिडिओ कॉल टाळला होता, गाडी ट्रिपवर आहे म्हणून.

आईला आम्ही मार्चमध्ये दिराच्या एर्टिगातून नेऊन आणलं, फोल्डिंगची कमोड चेअर डिकीत टाकून. धरणाजवळच्या शेंडी गावात पोचल्यावर ती धरणाच्या पाण्याकडे बघत बराच वेळ उभी होती, मग तिने तिथे उभ्या उभ्या दोन ग्लास पाणी प्यायलं.

परवा तीच जाहिरात परत दिसली. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा, फोटो तोच, लाल कडा आणि डावीकडचं स्टेअरिंग. खाली आठ-दहा जणांनी रेट विचारलाय. मी खाली लिहिलं की हे फ्रॉड आहेत, पाच मिनिटांत माझी कमेंट गेली आणि मला ब्लॉक केलं. तुम्हाला दिसली तर रिपोर्ट करा, आणि खाली ज्यांनी रेट विचारलाय त्यांना वेगळा मेसेज करून सांगा.