विनाक्लचच्या ट्रकचे आठ महिने: उतारावर काय कळलं

१७ वर्षं क्लच दाबून ट्रक चालवला. आता ८ महिने झाले, दहाचाकी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला, आपणहून गिअर बदलणारा ट्रक, स्वतः चालवतोय. सांगलीहून साखर भरायची आणि न्हावा-शेवा बंदराला न्यायची, नाहीतर कराड-पाटणवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं, असा धंदा. म्हणजे घाट पाचवीला पुजलेला.

सपाटीवरचं फार सांगण्यासारखं नाही. पेठ नाक्यापासून पुण्यापर्यंत डावा पाय मोकळा, गुडघा दुखत नाही. खरी गोष्ट उताराची.

पहिल्याच महिन्यात कुंभार्लीत घाबरलो. पाऊस, भरलेली गाडी, लिव्हर ऑटोवर. उताराला वेग वाढला तसा गिअरबॉक्सनं आपणहून वरचा गिअर घेतला. वेग रोखून धरणारी इंजिनाची ओढ गेली आणि पुढच्या वळणांवर सगळा भार पायातल्या ब्रेकवर आला. खाली येऊन गाडी बाजूला घेतली तर मागच्या चाकांतून ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास, ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेववेना. दोष मी गाडीला देत नाही. तिला पुढचा उतार दिसत नाही, मला दिसतो.

तेव्हापासून घाटाच्या तोंडाशीच, उतार लागायच्या आधी, लिव्हर मॅन्युअलवर घेतो, दोन गिअर खाली येतो आणि मग स्टिअरिंगजवळची एक्झॉस्ट ब्रेकची दांडी ओढतो. ज्या गिअरनं घाट चढलास त्याच गिअरनं उतर, असं जुने ड्रायव्हर सांगायचे. एएमटीलाही तेच लागू. या ब्रेकमध्ये सायलेन्सरच्या वाटेतली झडप मिटते, धूर आत कोंडतो, तो बाहेर ढकलताना पिस्टनला जोर पडतो आणि तीच ओढ चाकांना लागते. इंजिन जितकं वर फिरेल तितकी ओढ जास्त. १२०० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दांडी ओढून 'काही होतच नाही' म्हणणाऱ्यांनी गिअर खाली आणून बघावं. माझ्या गाडीत काटा २००० च्या आसपास आला की आवाज बदलतो, घुमल्यासारखा होतो, आणि गाडी मागून कुणी धरल्यागत येते. मग पायातला ब्रेक फक्त वळणापुरता, तोही दाबून सोडायचा, धरून ठेवायचा नाही.

न्यूट्रलबद्दल कळकळीनं सांगतो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे आजही आहेत. गिअरमध्ये राहून ॲक्सिलेटर सोडला तर आजकालच्या इंजिनात डिझेल जाणंच बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वाचत काही नाही, वर इंजिनाची ओढ जाते. त्या उतारावर किती माणसं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

एक तक्रार आहे. पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर रांग लागली की हा गिअरबॉक्स त्रास देतो. पेडल नसलं तरी आत क्लचप्लेट आहेच. इंचइंच सरकत, ॲक्सिलेटरवर गाडी तोलून धरली की ती तापते, वास सुटतो. आता पुढे गाडीभर जागा होईपर्यंत ब्रेकवर थांबतो, मगच हलतो. गाडी ताब्यात देताना हे कुणी सांगितलं नाही. शोरूमच्या माणसानं १० मिनिटांत बटणं दाखवली, तीही रिकाम्या गाडीवर.

रिकामी गाडी आणि ओला रस्ता असेल तर दांडी जपून. मागच्या चाकांवर वजन नसतं, ओढ एकदम बसली की ती घसरतात. पाटणच्या पुढे पाऊस लागला आणि गाडी रिकामी असली की मी एक्झॉस्ट ब्रेक बंदच ठेवतो, खालच्या गिअरवर सावकाश उतरतो.

गेल्या आठवड्यात मिरजेत मागची चाकं उघडली. जुन्या गाडीला याच रस्त्यावर एव्हाना लायनर बदलावे लागले असते. हे अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. मिस्त्रीनं बोटानं जाडी चाचपली आणि ड्रम परत बसवला.