आयबीडी असताना दुखण्यावर काय घ्यावं: पॅरासिटामॉल, ब्रुफेन, ट्रॅमाडॉल की नुसता शेक?

माझी चूक झाली ती गुडघ्यापायी, पोटापायी नव्हे. आयबीडी म्हणजे आतडं दीर्घकाळ सुजत राहण्याचे आजार, मुख्यतः क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. माझा दुसरा. निदान होऊन दोन वर्षं झाली होती, आतड्याची सूज आवरणारं मेसालामिन चालू होतं, पोट शांत होतं. गुडघा सुजला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणली आणि पाच दिवस सकाळ-संध्याकाळ घेतली. गुडघा मोकळा झाला, आणि आठवड्याच्या आत संडासात रक्त दिसायला लागलं. डॉक्टरांनी ती स्ट्रिप उजेडाकडे धरून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि एवढंच विचारलं, "ही कोणी दिली?"

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक स्ट्रिपची मागची बाजू मी वाचते. नुकतंच क्रोन्स किंवा कोलायटिसचं निदान झालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही ही सवय लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण दुखायला लागतं ते रात्री अकराला, आणि तेव्हा हात जातो तो घरातल्या डब्याकडे.

पॅरासिटामॉल की ब्रुफेनच्या जातीची गोळी?

आयबुप्रोफेन (ब्रुफेन म्हणजे हीच), डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड ही सगळी एकाच घरातली भावंडं. दुखणं आणि सूज दोन्हींवर ती पॅरासिटामॉलपेक्षा जास्त चालतात, हे खरंच आहे. पण ज्या प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते, त्याच जातीची रसायनं आतड्याचं अस्तरही सांभाळत असतात. या गोळ्या दोन्हींवर घाव घालतात. धडधाकट माणसाचं आतडं ते सोसतं. आपलं आधीच सोललेलं असतं. प्रत्येकाचा आजार एका गोळीने उसळतो असं नाही, पण कोणाचा उसळेल हे आधी कळत नाही. म्हणून आपण होऊन या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

इथे तीन समजुती हमखास आडव्या येतात. "खाऊन घ्या, काही होत नाही." "सोबत पँटोप्रॅझोल घ्या." "गोळी नको तर इंजेक्शन घ्या, ते पोटात जात नाही." पँटोप्रॅझोल जठर सांभाळतं, खालच्या आतड्याला त्याचा आधार नाही. आणि कमरेत टोचलेलं डायक्लोफिनॅक रक्तातून आतड्यापर्यंत पोचतंच. त्यामानाने चोळायच्या जेलमधून रक्तात जाणारं औषध बरंच कमी असतं. मुरगळलेल्या पायाला डॉक्टर कधीकधी ते चालवून घेतात. याच घरातल्या सेलेकॉक्सिबसारख्या गोळ्या आजार शांत असताना थोड्या दिवसांसाठी देतात, पण तो निर्णय त्यांचा.

पॅरासिटामॉल आतड्याला हात लावत नाही. सुजेवर ते फारसं चालत नाही, पण डोकेदुखी, अंगदुखी, साधी सांधेदुखी यांना पुरतं. माझा कौल सरळ त्याला. त्याची काळजी लिव्हरपाशी. निरोगी प्रौढाला दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम. वजन घटलं असेल, दारू असेल, लिव्हर आधीच नाजूक असेल, तर याहून कमी. मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिन चालू असेल तर किती चालेल ते विचारून ठेवा. 650 च्या चार गोळ्या म्हणजे 2.6 ग्रॅम, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते यात धरायचं. आणखी एक: स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (प्रतिकारशक्ती आवरणारी नवी औषधं) चालू असेल तर गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा. ताप गोळीने उतरतो, त्यामागचा संसर्ग तसाच राहतो.

मुरडा आल्यावर: सायक्लोपाम की मेफ्टाल-स्पास?

दोन्ही "पोटदुखीच्या गोळ्या", आणि पाळीच्या दिवसांत घरोघरी त्याच निघतात. दोन्हींत डायसायक्लोमिन आहे, ते आतड्याचा पीळ सैल करतं. फरक जोडीदारात: सायक्लोपाममध्ये पॅरासिटामॉल, मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड. म्हणजे एक आपल्याला चालण्यासारखी आणि दुसरी टाळायची, तीही एकाच खणात. मुलींना हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण पाळीची गोळी आणि पोटाचा आजार यांचा संबंध कोणाच्या डोक्यातच येत नाही. तसंच काँबिफ्लाम: त्यात पॅरासिटामॉल असतं म्हणून ती बिनधोक वाटते, पण सोबत आयबुप्रोफेन आहे.

डायसायक्लोमिनही सरसकट नाही. कोलायटिस जोरात उसळलेला असताना ते घेतलं तर मोठं आतडं सुस्त पडून फुगू शकतं, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. क्रोन्समध्ये आतडं एखाद्या जागी अरुंद झालं असेल तरीही नको. आजार शांत आहे, तपासण्या चांगल्या आहेत आणि तरी मुरडा येतो, अशा वेळीच त्याचा उपयोग. त्या अवस्थेत कांदा, लसूण, राजमा, चवळी थोडे दिवस बाजूला ठेवूनही फरक पडतो; पण आधीच वजन कमी असेल तर आहारतज्ज्ञाशिवाय ताट छाटू नका.

गरम पाण्याची पिशवी मला अजूनही सगळ्यांत जवळची. टॉवेलमध्ये गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. रोज तासन्‌तास उघड्या कातडीवर ठेवली तर पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात, आणि स्टेरॉइडने कातडी पातळ झालेली असेल तर भाजतंही लवकर.

पोट साफ करण्याच्या चूर्णांबद्दल थोडक्यात: पुष्कळांत सोनामुखी असते, ती स्वतःच मुरडा आणते. नको.

ट्रॅमाडॉल

हे अफूच्या जातीचं वेदनाशामक. ऑपरेशननंतर किंवा हॉस्पिटलमध्ये ते थोडे दिवस देतात. पण घरी रोजचं म्हणून हे औषध नाही. आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होतो, सवय लागते. महिनोन्‌महिने घेणाऱ्यांपैकी काहींचं पोट त्या औषधामुळेच जास्त दुखायला लागतं, मग डोस वाढतो, मग आणखी दुखतं. 2018 पासून भारतात ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. जुन्या चिठ्ठीवर कोणी आणून देत असेल तर घेऊ नका. आणि बरेच दिवस चालू असेल तर एकदम तोडूही नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत न्या.

घरी तुलना करत बसू नये अशी दुखणी

पोट फुगून टणक झालंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही: आतडं अडल्याची शंका. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप किंवा नाडी नव्वदच्या वर: हा तीव्र भडका. गुदद्वाराशी ठणकणारी गाठ आणि ताप: गळू असू शकतं. यांतल्या कशालाही गोळी घेऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीच निघायचं.

भडक्याच्या दुखण्यावर खरा इलाज भडका शमवणं हाच. संडासच्या नमुन्यावर होणारी कॅलप्रोटेक्टिनची तपासणी सांगते की दुखण्यामागे सूज आहे की नाही. घरात उरलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र आपण होऊन सुरू करू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला जुळे असतात, आणि टीबीवर नुसतं स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

माझ्या गुडघ्याचं पुढे असं झालं: ती सूज आतड्याच्याच आजाराची निघाली. मेसालामिनऐवजी सल्फासालाझिन सुरू झालं, ते सांध्यांवरही काम करतं. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी आणि मांडीचे व्यायाम. दीड-दोन महिने लागले.

गेल्या वर्षी दाढेचं रूट कॅनाल करायचं होतं. खुर्चीत बसण्याआधीच मी पाकिटातला कागद पुढे केला: "अल्सरेटिव्ह कोलायटिस. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ॲसिड चालत नाही." खाली चालू औषधांची नावं. डॉक्टरांनी तो वाचला, आणि चिठ्ठीवर आधीच लिहिलेली एक ओळ खोडून तिथे पॅरासिटामॉल लिहिलं.