रेडिएशनची भीती वाटत असेल तर कानात काय घालावं, वायरवाले की ब्लूटूथ?

आईचा फोन आला की पाऊण तास गेला समजायचं, त्यामुळे मोबाईल कानाला चिकटवून बोलणं मी कधीच सोडलं. इअरफोन आणि बड्स दोन्ही भरपूर वापरून झालेत, म्हणून सांगतो.

आधी भीतीचं बघू. मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्या डीएनए तोडत नाहीत, तेवढी ताकदच नसते त्यांच्यात, जास्तीत जास्त पेशी किंचित गरम होतात. 2011 मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, त्यांना 2बी गटात, म्हणजे 'कॅन्सर होऊ शकेल, पण पुरावा तोकडा' अशा यादीत टाकलं, त्यावरून फॉरवर्ड अजून फिरतायत, पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा आहे हे कुणी पाठवत नाही :)

तर, कागदावर वायरवालेच जिंकतात. कानात ट्रान्समीटरच नाही, विषय संपला. मीपण त्याच हिशोबाने घेतले. पण वायर जेमतेम हातभर लांब, त्यात आमच्या किचनच्या ड्रॉवरच्या मुठी! चहा टाकायला वळलो की वायर मुठीत अडकणार, कानातून खसकन ओढली जाणार आणि फोन ओट्यावरून खाली. दोनदा स्क्रीनगार्ड बदलल्यावर मी फोन शर्टाच्या खिशातच ठेवायला लागलो, म्हणजे डोक्यापासून लांब केलेला फोन छातीवर आणून बसवला, मग एवढा खटाटोप केला कशाला?

ब्लूटूथमध्ये कानात ट्रान्समीटर आहे हे खरं, पण बहुतेक बड्स 10 मिलीवॅटच्या आतबाहेर असतात, 4जी फोन जोर लावायला लागला की 200 पर्यंत जातो. आणि जोर तो रेंज नसतानाच लावतो. आमच्या घरात रेंज फक्त हॉलच्या खिडकीत, तर फोन तिथेच पडून असतो आणि मी किचनमध्ये. चार-पाच मीटर अंतर आपोआप पडतं.

तुम्ही एका जागी बसून, फोन टेबलावर ठेवून बोलणार असाल तर वायरवाले घ्या की, स्वस्त पडतात आणि चार्जिंगची कटकट नाही. माझ्यासारखी फिरत बोलायची सवय असेल तर मात्र मी बड्सच म्हणेन, फक्त डबी चार्जिंगला लावायचं विसरू नका. परवा डावा बड मधेच गेला, आत्याच्या गुडघ्याचं सगळं ऑपरेशन मी उजव्या कानाने ऐकलं.