बफिंगला रोबोट लावला, त्याला अकरा महिने झाले

आमच्याकडे पितळी नळांच्या बॉडी बफिंगने, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, पॉलिश होतात आणि पुढे निकेल-क्रोमच्या मुलाम्याला, म्हणजे प्लेटिंगला जातात. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी डोकेदुखी त्यातूनच येते. क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. तो ओरखडा झाकत नाही, उलट उजळून दाखवतो. टेबलावर बरा वाटलेला जॉब, म्हणजे कामाला घेतलेला नग, प्लेटिंगहून परत आला की रेघन् रेघ मोजता येते.

मांडणी अशी: सहा अक्षांचा रोबोट, समोर घासायचे दोन खरखरीत बेल्ट, एक सिसलचं (घायपाताच्या तंतूंचं) चाक आणि एक कॉटनचं. चाकं जागेवर, जॉब रोबोटच्या हातात. लहान जॉबला हे सोयीचं पडतं. मोठ्या वस्तूला उलट करतात, वस्तू बांधून ठेवायची आणि चाक तिच्यावर फिरवायचं.

डेमोला नळ आरशासारखा झाला होता आणि आम्ही भुललो. चाक नवं कोरं होतं आणि नळ निवडून आणलेला, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. काम सुरू झाल्यावर सोमवारचे जॉब झकास, गुरुवारचे मळकट. प्रोग्राम तोच, माल तोच. दोन आठवडे आम्ही कंपाउंडला (चाकाला लावायच्या पॉलिशच्या लेपाला) शिव्या दिल्या. शेवटी आमचे सगळ्यात जुने पॉलिशवाले, ज्यांना सगळेच मामा म्हणतात, ते म्हणाले, "अहो, चाक झिजलंय. तुमच्या रोबोटला कळतंय का ते?"

कळत नव्हतंच. ४०० मिमीचं चाक १५०० आरपीएमने फिरतं तेव्हा कडेचा वेग सेकंदाला साधारण ३१ मीटर पडतो. तेच चाक झिजून ३२० झालं की वेग २५ वर येतो. शिवाय कड ४० मिमी मागे सरकलेली, आणि हे महाशय जुन्याच जागेवर जॉब धरून उभे. माणूस अशा वेळी न सांगता अर्धं पाऊल पुढे सरकतो, जरा जास्त रेटतो. मामांना विचारलं तर त्यांनाही सांगता येत नव्हतं की आपण असं करतो. आता मोटरला तिचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर आहे. दर पन्नास जॉबनंतर सेन्सर चाकाचा व्यास बघतो, त्यानुसार स्पीड वाढतो आणि सगळे पॉइंट चाकाकडे सरकतात. ३२० ला १८७५ आरपीएमच्या आसपास जावं लागतं. अर्थात चाकावर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. दाब बरोबर पडतोय का, हे मोटरच्या करंटवरून बऱ्यापैकी समजतं. हे सगळं आम्ही नंतर बसवून घेतलं. घेणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा, आणि डेमो अर्ध्या झिजलेल्या चाकावर मागा.

प्रोग्रामिंगला आलेला मुलगा हुशार होता, पण त्याने आयुष्यात एक नळ घासला नव्हता. कोन बदलायचा असला की तो जॉब चाकावरच क्षणभर थांबवायचा. तेवढ्यात तिथे सपाट पट्टा पडायचा, डोळ्याला दिसणार नाही पण अंगठा फिरवला की लागणार. मामांनी बंद चाकासमोर उभं राहून त्याला मनगट कसं वळतं ते दाखवलं: फिरत यायचं, फिरतच सुटायचं, चाकावर कधी थांबायचं नाही. भोकाचंही तसंच. चाक एकाच दिशेने भोकावरून गेलं की त्याच्यामागे शेपटी ओढल्यासारखी खूण उमटते, म्हणून तिथे जॉब वळवून दोन-तीन दिशांनी न्यावा लागतो. मुलगा पेंडंटवर (रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर) पॉइंट टिपत होता आणि मामा दर वेळी "अजून जरा" म्हणत होते. एका बॉडीला तीन दिवस गेले. त्यातला अर्धा दिवस मनगटाचे चौथा आणि सहावा अक्ष एका रेषेत येऊन रोबोट अडकत होता म्हणून. ग्रिपर, म्हणजे जॉब धरणारा पंजा, तिरका बसवल्यावर ते सुटलं.

बेल्टवर मात्र मला रोबोट आवडतो. आधी २४० ग्रिटचा, मग त्याहून बारीक दाण्याचा ४०० चा बेल्ट, प्रत्येक वेळी आधीच्या रेघांना आडवं जायचं, म्हणजे जुनी रेघ उरली तर लगेच दिसते. थकलेला माणूस संध्याकाळी हे टाळतो, रोबोट टाळत नाही. एका जॉबला तो माणसापेक्षा जास्त वेळ घेतो हेही खरं. पण दिवसभर हात थरथरवून बोटं सुन्न होणं, पांढरी पडणं, हे ज्याने बघितलंय तो सेकंद मोजत बसणार नाही.

चुकतो तेव्हा मात्र घाऊक चुकतो. त्याची जागा ०.०५ मिमीच्या आत परत येते, त्यामुळे चूकही तितक्याच इमानाने परत येते. एका रात्री ग्रिपरच्या जबड्याचं रबर झिजलं, जॉब किंचित कलला, आणि सकाळी रॅकवर कडा घासून गेलेल्या बॉडींची रांग. माणसाने तिसऱ्या नळालाच हात थांबवला असता. ओतकामातला फरकही त्याला चालत नाही. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणारी रेघ) कधी जाड, कधी पातळ असेल तर आधी तिकडे भांडा, मग रोबोट घ्या. आमचे निम्मे वाद आता फाउंड्रीशीच होतात.

धुळीचं हलक्यात घेऊ नका. कापसाचे तंतू, मेणकट कंपाउंड आणि बेल्टची धूळ एकाच डक्टमध्ये सोडली होती. एकदा आतून धूर आला, तेव्हा घाम फुटला. आता डक्ट वेगळे आहेत आणि आठवड्याला साफ होतात. ॲल्युमिनियमचं काम चालून आलं होतं, ते नाकारलं. २ ऑगस्ट २०१४ ला चीनमधल्या कुन्शान इथे गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात धुळीचा स्फोट होऊन १४६ माणसं गेली. ओल्या पद्धतीचा धूळसंकलक बसवल्याशिवाय मी त्या धातूला हात लावणार नाही.

नळाच्या मानेखालची खोबण अजून मामाच करतात, तिथे चाक पोचत नाही. आणि सुट्टीनंतर पातळ कंपाउंडचा नोझल हमखास तुंबतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लाइन धुऊन ठेवायची असं ठरलंय, पण ते कुणीतरी विसरतंच, आणि मग सुट्टीनंतरचा पहिला तास टाचणीने नोझल कोरण्यात जातो.