डबा, डबल बेल आणि दोन दिवसांची कथा-कार्यशाळा

एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टरकी केली. कथा लिहायची हौस जुनीच, वेळ निवृत्तीनंतर मिळाला. पण लिहायचं काय आणि कुठल्या प्रकारात, इथंच गाडी डेपोत बंद. गूढकथेची चार पानं, ऐतिहासिकची दोन, सगळं अर्धवट. शेवटी सूनबाईनं पुण्यातल्या एका शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे २,२०० रुपये परस्पर भरून टाकले. संस्थेचं नाव देत नाही, कारण तक्रारीही करणार आहे.

शनिवारची सकाळ वाया गेली. पडद्यावर भयकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा, ग्रामीण कथा, प्रत्येकाच्या दोन-दोन ओळींच्या व्याख्या. 'सध्या भयकथेला मागणी आहे' असं कानावर पडताच निम्म्या वर्गानं वहीत 'भयकथा' लिहून घेतलं. मीही लिहिलं, खोटं कशाला बोलू.

जेवणानंतर दुसऱ्या मॅडम आल्या आणि पैसे वसूल झाले. त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केलेली. नावाकडे बघून बक्षीस नको म्हणून. बक्षीस मिळालंच. मला लागलं ते वेगळंच. नाव लपवलं, पण विषय स्वतःच्या रोजच्या कामातलाच घेतला. मग मी शिवकालात काय शोधत होतो?

मॅडम म्हणाल्या, "कामावरचा एक खरा प्रसंग घ्या आणि तोच तीन प्रकारांत दहा-दहा ओळी लिहा."

आमच्या सकाळच्या गाडीनं गावाकडनं साताऱ्यात शिकणाऱ्या पोरांचे डबे यायचे, पिशवीवर निळ्या शाईनं नाव. एकदा एक डबा न्यायला कुणी आलंच नाही. पाऊण तास वाट बघून मी आणि ड्रायव्हरनं तो उघडला. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कोपऱ्यात गुळाचा खडा. खाल्ला. पोरगं नंतर धापा टाकत आलं.

भयकथेत डबा मेलेल्या आईनं पाठवला होता. तिसऱ्या ओळीला मलाच पटेना. रहस्यकथेत भाकरीखाली चिठ्ठी निघाली, पण ती कुणी लिहिली हे मलाही ठाऊक नव्हतं. विनोदी लिहायला घेतलं आणि दोघांची 'भाकरी गार झाली तर वाया जाईल हो' ही हुज्जत सुरू झाली, ती तीन पानं थांबेना. वाचून दाखवली तेव्हा लोक हसले आणि पोरगं आल्यावर गप्प झाले. मॅडमनी विचारलं, "ही विनोदीच आहे का नक्की?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "आत्ता पाटी लावू नका, आधी पोचवा."

आता तक्रारी. २८ जणांना एका वेळी एकच शिक्षक, वाचायची पाळी नऊ जणांनाच आली. झेरॉक्सच्या कागदांची शेवटची ओळ कापलेली. एसी असा, की सप्टेंबरात मफलर गुंडाळावा लागला. आणि रविवारची दुपार ९,००० रुपयांच्या 'पुढच्या टप्प्या'ची जाहिरात ऐकण्यात गेली. कुर्डुवाडीचं तिकीट काढलेल्याला आम्ही कधी 'सोलापूरचंच घ्या' म्हणून धरून बसवलं नाही.

घरात अर्धवट पानं पडली असतील तर जरूर जा, शनिवारी जेवण करूनच गेलात तरी चालेल. अजून एक ओळही लिहिली नसेल तर हे पैसे ठेवा आणि वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घ्या; काय वाचताना जेवण गार होतं ते तरी कळेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा चहाचा.

माझी कथा अकराव्या पानावर आहे. पोरगं स्टँडवर येऊन उभं राहिलंय आणि ड्रायव्हर अजून नळावर हात धुतोय.